नेट वारंवार तुटत असेल, तर आधी दोष कुठे आहे ते ठरवा

तक्रार नोंदवण्यापूर्वी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून पाहावा. केबलवर नेट सुरळीत चालले, तर दोष बहुधा वायफायमध्ये असतो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या लहरींच्या पट्ट्यावर शेजारच्या राउटरांची गर्दी असल्यास राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनेल निवडावा, अथवा राउटरजवळ ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा.

केबलवरही नेट तुटत असेल, तर फायबरच्या मोडेमवरील ‘एलओएस’ (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे संकेत तुटल्याचा) दिवा पाहावा. तो लाल लुकलुकत असेल, तर प्रकाशाचा संकेत नीट पोहोचत नाही, आणि कपाटामागे दबलेली किंवा करकचून वळलेली फायबरची बारीक वायर हे त्याचे कारण असू शकते. ती हलकेच सैल करावी. तिचे उघडे टोक मात्र डोळ्यांसमोर कधीही धरू नये. दिवा लालच राहिला, तर रीसेटचे बटण दाबून जुनी सेटिंग पुसून टाकण्यापेक्षा हीच खूण तक्रारीत स्पष्ट नोंदवावी.