ईपॅनेटमध्ये विहीर, पंप आणि टाकी

ईपॅनेट (पाणीपुरवठ्याच्या पाइपांचं जाळं तपासायचं सॉफ्टवेअर) उघडलं की आधी प्रवाहाचं एकक बदला, लिटर प्रति सेकंद करा. मूळ एकक अमेरिकन गॅलनचं असतं. गाव 2,000 लोकांचं धरू. माणशी 55 लिटरने रोजचे 1,10,000 लिटर. वीज आठ तास, म्हणजे पंप सेकंदाला सुमारे 3.8 लिटरचा.

विहीर 'रिझर्व्हॉयर' (ठरावीक पातळीचा पाण्याचा स्रोत) म्हणून टाका. पातळी मे महिन्यातली द्या. दिवाळीतली दिली तर पंप कागदावरच ताकदवान!

पंपाचा वक्र म्हणजे किती प्रवाहाला किती हेड (पाणी चढवायची उंची) मिळतं. त्याचा एकच बिंदू दिला, तर शून्य प्रवाहाला त्या बिंदूच्या 133 टक्के हेड सॉफ्टवेअर स्वतःच धरतं. कंपनीचा तक्ता मिळाला तर तीन बिंदू द्या.

खरी गंमत टाकीत. तिची उंची म्हणजे तळाची पातळी. ईपॅनेट पाणी तळातूनच आत घेतं. आपल्याकडे पंपाकडून टाकीत येणारी चढती पाइप बहुधा वरून पडते. म्हणून पाइपच्या वरच्या तोंडाच्या उंचीवर नोड (जोडबिंदू) घ्या, पुढे दाब राखणारा व्हॉल्व्ह, सेटिंग शून्य. व्हॉल्व्ह थेट टाकीला जोडता येत नाही, मध्ये आखूड पाइप लागते. एवढी खटपट टाळली तर पंप लहान निवडला जातो.

शेवटी 72 तास चालवा, एक दिवस नव्हे, तीन. टाकीची पातळी रोज थोडी खाली सरकत असेल, तर पंपाचे तास कमी पडताहेत.