मुंबईचे जुने मृत्यूदर काढायला बसलात? आधी छेद तपासा

प्लेगनंतरच्या मुंबईवर काम करायचंय, आकडेवारी कुठून सुरू करू, असं मला हल्ली ज्युनिअर विचारतात, आणि खरं सांगायचं तर मला अजून थोडी धडकीच भरते कारण माझं सव्वा वर्ष यातच वाया गेलंय. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, मग साथरोगांचा एपिडेमिक ॲक्ट, प्लेगवरची हाफकिनची लस, शहरसुधारणेसाठीचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, हे सगळं तुम्हाला माहीतच असणार. ते सोडून देते.

मी काय केलं तर म्युनिसिपालिटीच्या हेल्थ ऑफिसरचे वार्षिक रिपोर्ट काढले, दरवर्षीचे मृत्यू एक्सेलमध्ये भरले, १९०१ ची लोकसंख्या ७,७६,००६ आणि १९११ ची ९,७९,४४५, मधल्या वर्षांना सरळ रेषेत वाटून टाकली, मृत्यूंना त्या लोकसंख्येने (हाच तो छेद) भागलं आणि झाला मृत्यूदर. ग्राफ इतका देखणा आला की गाईड खूश, मी खूश.

आता चूक बघा, आणि हे जरा सावकाश वाचा. १९०१ ची शिरगणती झाली १ मार्चला, म्हणजे ऐन प्लेगच्या सीझनला. ज्याला गाव होतं तो गावी पळालेला. १८९१ ला ८,२१,७६४ असलेलं शहर दहा वर्षांनी लहान दिसतं ते फक्त माणसं मेली म्हणून नाही, मोजायला घरात नव्हती म्हणूनही. पुढे १९०६ ला शहराची वेगळी मोजणी झाली, ती निघाली ९,७७,८२२. माझ्या सरळ रेषेने त्याच वर्षाला दिले होते ८,७७,७२६. एक लाख माणसं गायब! समजा वर्षाला ४०,००० मृत्यू धरले, तर माझ्या छेदाने दर हजारी साडेपंचेचाळीस आणि मोजलेल्या आकड्याने एकेचाळीसच्या आत. म्हणजे साडेचार पॉइंटचा फरक नुसत्या छेदामुळे, आणि मी त्यावर अख्खं चॅप्टर लिहून बसले होते की प्लेगचा जोर कधी ओसरला वगैरे. फाडलं.

बालमृत्यूदरात (वर्षाच्या आतल्या मुलांचे मृत्यू भागिले त्या वर्षीचे जन्म) याहून वाईट फसले. १९२१ ला मुंबईचा बालमृत्यूदर हजारी साडेसहाशेच्या वर छापलेला आहे, एका खोलीत राहणाऱ्यांचा तर आठशेच्या वर. आईला फोनवर मी मोठ्या आवेशात सांगत होते की अगं तीनातली दोन मुलं वर्षाच्या आत जायची. ती म्हणाली, पण तुझी पणजी लालबागला राहायची ना, मग आजीचा जन्म कणकवलीचा कसा?

बाळंतपणाला बाई गावी जायची. जन्माची नोंद तिकडे, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात. तीन-चार महिन्यांनी पोर घेऊन चाळीत परत यायची आणि ते पोर दगावलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. वर अंशात ते मूल आहे, खाली छेदात नाही. त्यात १९२१ ला शहरात जन्मलेले लोक शंभरात सोळाच, म्हणजे गाव असलेली माणसं किती ते धरा. आणि उलटंही होतंच, क्षयाने खंगलेला गिरणी कामगार शेवटी बोटीने कोकणात जायचा आणि तिथे मरायचा, तो मृत्यू मुंबईच्या खात्यातून सुटला. म्हणून फुगलेला आकडा आणि दबलेला आकडा एकाच टेबलात शेजारी शेजारी बसलेले असतात.

याचा अर्थ तेव्हा मुलं मरत नव्हती असा काढू नका, प्लीज. एका खोलीत दोन-दोन कुटुंबं, धूर, आई गिरणीत आणि बाळाला झोपवायला अफूची बाळगोळी, मुलं भयानक मरत होती. फक्त तो आकडा दुसऱ्या शहराच्या आकड्याशेजारी ठेवून "जगात सगळ्यात वाईट" असं लिहायची घाई करू नका. साधा मृत्यूदर ठेवतानाही तेच, १९२१ ला हजार पुरुषांमागे सव्वापाचशे बायका असलेलं, तरण्या पुरुषांनी भरलेलं शहर आहे हे, म्हातारे कमी, मुलं कमी, तरी दर एवढा चढा. वयाप्रमाणे दर काढल्याशिवाय तुलना नकोच.

मृत्यूच्या कारणांबद्दल थोडक्यात. पटकी, देवी, प्लेग हे रकाने त्यातल्या त्यात बरे. "ताप" आणि "श्वसनाचे विकार" म्हणजे पोतडी आहे, काहीही कोंबलेलं असतं. प्लेग सांगितला की घरच्यांना छावणीत नेतील या भीतीने लोक साधा ताप सांगायचे. आणि १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, जी ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसं घेऊन गेली, ती तुम्हाला बरीचशी याच दोन रकान्यांत सापडेल. मी महिनावार आकडे उतरवले तेव्हा कुठे जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचे दोन उंचवटे दिसले, वार्षिक बेरजेत दोन्ही लाटा एकात मिसळून जातात.

शॉर्टकटवाल्यांना एकच सांगते, पीडीएफ टाकून टेबल उपसणारी टूल्स या जुन्या छपाईत ३ चा ८ करतात. हाताने टाइप करा. बोअर होतं, पाठ मोडते, पण तळटिपा वाचल्या जातात, आणि छेद कुठला घेतलाय ते अनेकदा तळटिपेतच असतं. गाईडवर फार विसंबू नका, माझ्या गाईडना ग्राफ आवडला होता हे वर लिहिलंच आहे (माणूस चांगला आहे, आकडे तपासत नाही).

घाबरू नका मात्र. सव्वा वर्ष गेलं तरी रिपोर्ट हाताखालून गेलेले होते, दुसऱ्यांदा सगळं चार महिन्यांत झालं. आता माझ्या शीटमध्ये प्रत्येक दराशेजारी एक जादा कॉलम आहे, लोकसंख्या कुठल्या साली, कुठल्या महिन्यात मोजलेली. १९०१ समोर लाल रंगात "मार्च, लोक गावी" एवढंच लिहिलंय.