गुलमर्गला बर्फ नाही आणि तिकिटं हातात: स्कीची सहल बदलायची का, हे कसं ठरवावं

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की मला फोन यायला लागतात. विचारणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन गुलमर्गला स्की शिकायला निघालेले. प्रश्न ठरलेला असतो: "फोटोत नुसतं गवत दिसतंय, जाऊ की नको?" फोनवर एका शब्दात याचं उत्तर देता येत नाही. ते शोधायचं कसं, एवढं मात्र सांगता येतं.

२०२४ च्या जानेवारीत हा पेच आमच्याच घरात होता. तिकिटं १३ तारखेची, मुलगी बारा वर्षांची आणि ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मीरच्या सर्वांत कडक थंडीच्या दिवसांत, गुलमर्ग पिवळं पडलेलं. त्या हिवाळ्याचे फोटो देशभरच्या वर्तमानपत्रांत आले होते. आम्ही सहल फेब्रुवारीवर ढकलली. बर्फ जानेवारीच्या अगदी शेवटी आला आणि फेब्रुवारीत भरभरून पडला. आमचा निर्णय बरोबर ठरला, पण त्यात नशिबाचाही वाटा होता. नशिबावर कमीत कमी सोडायचं असेल तर पुढच्या क्रमाने जा.

१. तुम्हाला कुठला बर्फ हवा आहे?

"गुलमर्गला बर्फ आहे का?" हा प्रश्नच अपुरा आहे. गुलमर्गला तीन मजले आहेत. गाव आणि गोल्फ कोर्स सुमारे २,६५० मीटरवर. गंडोलाचा (केबल कारचा) पहिला टप्पा, म्हणजे फेज वन, तुम्हाला कोंगडोरीला नेतो. ती जागा ३,००० मीटरच्या थोडी वर आहे. फेज टू अफरवाट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर सोडतो. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. म्हणजे गावात पाऊस पडत असताना अफरवाटवर बर्फ पडू शकतो. हंगामाच्या सुरुवातीला असं बरेचदा होतं. आमच्या इन्स्ट्रक्टरने त्या जानेवारीत फोनवर एका वाक्यात सगळं सांगितलं होतं: "ऊपर है साब, नीचे नहीं है."

आता स्वतःकडे बघा. पहिल्यांदाच पायात स्की घालणार असाल, तर तुमचे पहिले तीन-चार दिवस गोल्फ कोर्सच्या मंद उतारावर जाणार. तुम्हाला हवा आहे तो खालचा बर्फ, तोही दाबून बसलेला. माझा अंदाज असा की गवत आणि दगड झाकणारा वीतभर, दीड वीत घट्ट थर असला की शिकणाऱ्याचं भागतं. अफरवाटवर दहा फूट बर्फ असला तरी तो तुमच्या उपयोगाचा नाही, कारण तिथून खाली येणं नवख्याचं काम नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. "गुलमर्गला बर्फ पडला" ही बातमी खरी असते, पण तो पडलेला असतो वर, आणि यांचा क्लास असतो खाली.

चांगलं स्की येणाऱ्यांचं गणित उलटं आहे. त्यांना गावातल्या गवताशी कर्तव्य नाही. पण अफरवाटच्या उतारावर मोठे दगड आहेत आणि ते झाकायला हातभर बर्फ पुरत नाही. पातळ थराखाली लपलेला दगड उघड्या दगडापेक्षा वाईट. गुडघे तिथेच जातात. अशा वेळी स्वतःची नवी स्की घेऊन जाऊ नये, भाड्याची वापरावी.

तिसरा गट फक्त बर्फ बघायला, स्लेजवर बसायला जाणाऱ्यांचा. त्यांनी बहुतेक वेळा सहल बदलू नये. कोंगडोरीपर्यंत गेलं की थोडा का होईना, बर्फ हाताला लागायची शक्यता चांगली असते.

२. खरी खबर मिळवा

हॉटेलला फोन करून "बर्फ आहे का?" असं विचारू नका. हॉटेलवाल्याला खोली भरायची असते, तो "आहे" म्हणणार. मला एकदा एका हॉटेलमधून शुभ्र गुलमर्गचा व्हिडिओ आला होता. तो आधीच्या वर्षीचा निघाला.

त्याऐवजी नेमकं विचारा. गोल्फ कोर्सवर आज क्लास चालू आहेत का? शिकणाऱ्यांना कुठे नेताय, खाली की कोंगडोरीला? कोंगडोरीची चेअरलिफ्ट सुरू आहे का? फेज टूवरून लोक स्की करत खाली येतायत की गंडोलानेच परततायत? शेवटचा बर्फ कुठल्या तारखेला पडला? या प्रश्नांना गुळमुळीत उत्तरं देता येत नाहीत. हे प्रश्न दोघांना विचारा, आणि त्यातला एक तरी असा असावा ज्याचा तुमच्या बुकिंगशी संबंध नाही. व्हिडिओ मागायचाच तर चालू व्हिडिओ कॉल करा आणि त्याला कॅमेरा गोल्फ कोर्सकडे फिरवायला सांगा.

इन्स्ट्रक्टरच्या शब्दाला मी सगळ्यात जास्त किंमत देतो. बर्फ नसताना तुम्ही आलात तर तुमची नाराजी त्यालाच झेलायची असते. म्हणून तो सहसा खरं सांगतो.

३. हवामानाचा अंदाज वाचायला शिका

काश्मीरचा हिवाळी बर्फ येतो तो वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे, म्हणजे भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानवरून सरकत येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे. हे झंझावात एकामागून एक येतात. काही जोरकस असतात, काही नुसते ढग दाखवून जातात, काही उत्तरेकडूनच निसटतात. २१ डिसेंबरला चिल्लई कलान सुरू होतो. चाळीस दिवसांचा हा काळ सर्वांत कडक थंडीचा. पण थंडी म्हणजे बर्फ नव्हे. आभाळ निरभ्र असेल तर रात्री नळ गोठतात आणि उतार मात्र कोरडेच राहतात. नाताळची आपली सुट्टी या काळाच्या अगदी तोंडाशी येते, तेव्हा ती सहल मुळातच जोखमीची असते. हे बुकिंग करतानाच लक्षात ठेवलं तर पुढचा मनस्ताप वाचतो.

हवामान खात्याच्या श्रीनगर केंद्राचा अंदाज रोज बघा. त्यातले शब्द नेमके असतात. "तुरळक ठिकाणी हलका बर्फ" म्हणजे जेमतेम एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर काहीतरी पडेल. त्यावर सहल उभी करू नका. "बहुतेक ठिकाणी मध्यम ते जोरदार" असं आलं की कान टवकारा. मोबाइल ॲपवर आकडा मिलिमीटरमध्ये दिसला तर ढोबळ हिशोब असा: एक मिलिमीटर पाण्याचा साधारण एक सेंटीमीटर ताजा बर्फ होतो. म्हणजे ५ मिलिमीटरने गोल्फ कोर्स नुसता पांढरा दिसेल, त्यावर स्की होणार नाही. शिवाय ताजा बर्फ दोन-तीन दिवसांत खाली बसतो, त्याची उंची बरीच कमी होते.

भरवसा किती ठेवायचा? पाच दिवसांपर्यंतच्या अंदाजावर मी निर्णय घेतो. सहा ते दहा दिवसांचा अंदाज नुसता कल म्हणून बघतो. त्यापुढचं ॲप काहीही दाखवो, मी वाचत नाही.

४. निर्णयाची तारीख आधीच ठरवा

हे काम कागदावर करा. विमानाच्या तिकिटाची तारीख बदलायला किती पैसे लागतात आणि ती मुभा कधीपर्यंत आहे? हॉटेलचे पैसे कुठल्या तारखेनंतर बुडतात? स्कीचा कोर्स ठरलेल्या बॅचचा आहे की खासगी इन्स्ट्रक्टरचा? गुलमर्गमधल्या सरकारी संस्थेचे कोर्स बॅचने चालतात, तिथे तारीख हलवणं सोपं नसतं. गंडोलाचं तिकीट ऑनलाइन आणि ठरावीक दिवसाचं असतं, त्याचे नियम वेगळे वाचा.

या सगळ्यांत सर्वांत आधीची जी मोठी तारीख असेल, तिच्या आदल्या दिवशी निर्णय घ्यायचा. त्या दिवशी इतकंच बघायचं: खाली क्लास चालू आहेत का, आणि पुढच्या पाच दिवसांत जोरकस झंझावात दिसतोय का? दोन्हींचं उत्तर "नाही" असेल आणि तुम्ही शिकणारे असाल, तर सहल ढकला. एकाचं "हो" असेल तर जा. मात्र झंझावाताच्या भरवशावर जाणाऱ्यांनी मुक्कामाचे दिवस वाढवावेत. बर्फ पडताना श्रीनगरची विमानं रद्द होतात आणि पायथ्याच्या टंगमर्गहून वर जाणाऱ्या शेवटच्या १३ किलोमीटरवर चेन लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्याच सोडतात. ज्या बर्फाची तुम्ही वाट बघताय, तोच तुमचा एक दिवस खातो. चार दिवसांच्या सहलीत हे परवडत नाही, सात दिवसांच्या सहलीत चालून जातं. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. विमान अडलं तर परतीला हा मार्ग हाताशी आहे.

कुटुंबात एकाला जायचंच असतं आणि एकाला पैशांची काळजी असते. तारीख आणि कसोटी आधीच ठरलेली असली की शेवटच्या रात्री वाद होत नाहीत. आमच्या घरी तरी झाले नाहीत.

५. ढकलायची तर कुठे?

अनेकांच्या मनात पहिल्यांदा येतं ते "गुलमर्ग नाही तर औली, नाहीतर मनाली." घाई करू नका. औलीला आणि मनालीजवळच्या सोलांगला बर्फ देतात तेही हेच पश्चिमी झंझावात. ते काश्मीरला कोरडं ठेवत असतील तर हिमाचल आणि उत्तराखंडही सहसा कोरडेच असतात. २०२४ च्या जानेवारीत तिन्हीकडे तीच गत होती. शिवाय औली आणि सोलांगचे उतार फार उंच नाहीत. जागा बदलून फारसं काही साधत नाही, तारीख बदलून साधतं.

फेब्रुवारीचे पहिले तीन आठवडे माझ्या मते शिकणाऱ्यांसाठी सर्वांत चांगले. तोवर बर्फाचा थर साचलेला असतो, दिवस मोठे झालेले असतात, आणि चिल्लई कलान संपलेला असल्याने मुलांची बोटं इतकी गारठत नाहीत. दहावी-बारावीची मुलं असतील तर अडचण होते. बाकीच्यांनी १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला जोडून रजा घ्यावी. तरी फेब्रुवारीचीही हमी नाही. २०२५ मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २२ फेब्रुवारीला सुरू व्हायच्या होत्या, त्या बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि ९ ते १२ मार्चला झाल्या. म्हणून नवी तिकिटंही तारीख बदलता येणारीच काढा.

एक विनंती. इन्स्ट्रक्टरला दिलेला ॲडव्हान्स परत मागू नका, नव्या तारखेला वळवून घ्या. स्लेज ओढणारे, घोडेवाले, स्की भाड्याने देणारे यांची वर्षाची बरीचशी कमाई या तीन महिन्यांत होते. बर्फ आला नाही तर आपली एक सहल जाते, त्यांचा हंगाम जातो. "आम्ही फेब्रुवारीत येतोय" हा फोन त्यांच्यासाठी मोठा असतो.

६. तरीही जायचं ठरलं तर

तिकिटं बदलता येत नाहीत म्हणून जाणार असाल तर बेत बदला. इन्स्ट्रक्टरला आधीच विचारा की कोंगडोरीला शिकवशील का. तसं असेल तर रोजच्या गंडोलाचा खर्च धरा. दोन दिवस तिथे सराव करा, बाकीचे दिवस दुसरीकडे घालवा. कोरड्या थंडीत टंगमर्गजवळचा द्रंगचा धबधबा गोठतो, तो बर्फाच्या दिवसांपेक्षा निवांत बघता येतो. सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाल्यापासून हिवाळ्यातही तिथे जाता येतं. मुलांना निघण्यापूर्वीच खरं सांगा. विमानातून उतरल्यावर सांगितलं तर त्यांचा हिरमोड फार होतो.

७. बर्फ आलाच, तर पहिले दोन दिवस थांबा

कोरड्या महिन्यानंतर मोठा बर्फ पडतो तेव्हा सगळे अफरवाटकडे धावतात. नेमका तेव्हाच डोंगर सर्वांत धोक्याचा असतो. पातळ थर अनेक दिवस निरभ्र, कडक थंडीत पडून राहिला की त्याचे आतून सुटे दाणे होतात, भरड साखरेसारखे. मुठीत घेऊन दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. त्या दाण्यांवर एकदम दोन-तीन फूट नवा बर्फ बसतो. खालचा थर ते वजन पेलत नाही आणि एका स्कीयरच्या भाराने अख्खा उतार सुटतो. २०२४ च्या कोरड्या जानेवारीनंतर, जोरदार बर्फ पडल्यावर, २२ फेब्रुवारीला अफरवाटच्या उतारावर हिमस्खलन झालं. त्यात एक रशियन स्कीयर गेला. त्या आठवड्यात आम्ही तिथेच, खाली होतो. संध्याकाळी गावात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

म्हणून गंडोलाच्या आखलेल्या, गस्तीच्या पट्ट्याबाहेर जायचं असेल तर सरकारचा हिमस्खलनाचा इशारा वाचल्याशिवाय आणि स्थानिक गाइडशिवाय जाऊ नका. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) प्रत्येकाकडे हवं, आणि ते वापरता यायला हवं. गाइड "आज नको" म्हणाला तर त्याला जास्त पैसे देऊ करू नका. फेज टू बंद असेल तर ती का बंद आहे हे विचारा आणि मागे फिरा. तो दिवस गोल्फ कोर्सवर काढा. ताज्या बर्फात तिथला उतार पहिल्यांदाच मऊ झालेला असतो आणि मुलं पडली तरी त्यांना लागत नाही.