सामूहिक वनहक्काचा दावा: आधी रान फिरा, मग अर्ज भरा

मी किनवटकडचा, आमच्या गावच्या वनहक्क समितीचा सचिव. आमच्याकडं वनहक्क म्हटलं की लोक आधी स्वतःच्या वावराचं विचारतात. त्यात वावगं काही नाही, पण तो अर्जाचा नमुना ‘अ’. मोह, चारोळी, डिंक, तेंदू ज्या रानातून येतो, त्यावर गावाचा हक्क लावायचा तर ‘ब’ आणि ‘क’ भरा. ‘ब’ वापराचा, ‘क’ रान राखायचा. दोन्ही एकदमच.

दाव्याच्या ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात, आलेल्यांत एक तृतीयांश बाया. बाजाराच्या दिवशी सभा ठेवाल तर कोरम बुडालाच म्हणून समजा.

खरं काम रानात आहे, पुरावे आणि नकाशा तिथंच तयार होतात. म्हाताऱ्यांना न्याच, पण मोह वेचणाऱ्या बायांना आधी. कोणतं झाड कोणत्या घरचं, हे त्यांना तोंडपाठ असतं. फुलं गळायच्या आधी त्या झाडाखालचा पाला झाडून ठेवतात. शेजारच्या झाडाखाली पाचोळा आणि इथं जमीन लख्ख. तेव्हाच फोटो काढा. नाला, देवाची जागा, जुनी विहीर, मसनवटा, सगळ्यांची नावं गावात म्हणतात तशीच नकाशावर लिहा. शिवेवर वाद असेल तर शेजारच्या गावच्या समितीसोबत एकत्र बसा, नियमातच तशी तरतूद आहे.

म्हातारे शिकारीच्या गोष्टी रंगवून सांगतात. ऐका, पण दाव्यात घालू नका. 2006 च्या वनहक्क कायद्यानं शिकार हक्कांतून वगळली आहे. कोलामगुड्यावर, म्हणजे कोलाम या आदिम जमातीच्या वस्तीवर असाल, तर अधिवासाचा (जमातीच्या पिढ्यानपिढ्याच्या राहण्या-वावरण्याच्या मुलखाचा) हक्क वेगळा मागता येतो, तो विसरू नका.

‘जुना कागद आणा’ असं कुणी ना कुणी म्हणणारच. वनहक्क नियमांतला नियम 13 दाखवा. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावाच आहे. फक्त एकावर भागत नाही, किमान दोन पुरावे जोडा. दुसरा म्हणून देवाची जागा किंवा मसनवटा चालतो.

समितीनं रानात दाव्याच्या पडताळणीला जायच्या आधी वन विभागाला लेखी कळवा. मग ग्रामसभेचा ठराव, नकाशा, जबाब, सगळं उपविभागीय समितीकडं द्या. तारखेची पोच हातात पडल्याबिगर उठू नका, साहेब जेवायला गेले म्हटले तरी बाकावर बसून राहा. नंतर फाईल सापडत नाही म्हणाले, तर ती पोचच कामाला येते.

दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. उपविभागीय समितीच्या निर्णयापासून 60 दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडं अपील करता येतं.