बार परीक्षा पहिल्यांदाच देताय? आधी बेअर अ‍ॅक्ट उघडायला शिका

सनद मिळते, कोट-बँड घालून पहिली तारीखही घेऊन होते, आणि मग बार रूममध्ये कुणीतरी विचारतं, "एआयबीई (ऑल इंडिया बार एक्झामिनेशन) झाली का?" मी तालुका कोर्टात वकिली करतो. दर वर्षी नवे ज्युनिअर येतात आणि हा प्रश्न ऐकून दोन-तीन चेहरे उतरतात. तीन किंवा पाच वर्षं कायदा शिकल्यावर पुन्हा शंभर मार्कांची परीक्षा म्हटलं की धडकी भरते. त्यांना मी जे सांगतो, तेच इथे लिहितो आहे.

ही परीक्षा बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०१० मध्ये आणली आणि पहिली परीक्षा ६ मार्च २०११ रोजी झाली. २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पुढे पदवी घेतलेल्यांना ती सक्तीची आहे. तिच्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. तेव्हा "बघू, कदाचित रद्द होईल" असं म्हणत कुणी थांबलं असेल, तर त्याने आजच अभ्यासाला बसावं.

अर्ज भरण्याआधी

नेहमीचा मार्ग असा: आधी राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी, मग परीक्षा. आपल्याकडे ही नोंदणी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा करते. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालात ठरवून दिलंय की, नोंदणीसाठी कायद्यात आहे तेवढंच शुल्क घ्यायचं, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून १२५ रुपये. परीक्षेची फी वेगळी असते; गेल्या काही परीक्षांत ती याच दोन गटांना अनुक्रमे ३,५०० आणि २,५०० रुपये होती. नोंदणी झाल्यावर परीक्षा पास होण्यासाठी २ वर्षं मिळतात. ही दोन वर्षं तारखा घेता घेता कशी निघून जातात ते कळत नाही, म्हणून पहिल्याच संधीला बसा. अंतिम सत्रातल्या विद्यार्थ्यांना अर्ज करू देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये दिला होता. तुम्ही अजून कॉलेजात असाल, तर चालू परीक्षेच्या सूचनापत्रात पात्रतेचा भाग नीट वाचून घ्या.

अर्जात सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर तिसरंच. सनदेवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर, अर्जात भरा.

भाषेच्या रकान्यात मराठी निवडता येते. इथे भावनेने ठरवू नका. मागच्या परीक्षेची मराठी प्रश्नपत्रिका मिळवा आणि वीस प्रश्न सोडवून बघा. 'प्राङ्न्याय' वाचल्यावर रेस ज्युडिकाटा (एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा चालवता येत नाही, हे तत्त्व) लगेच डोळ्यांसमोर येत असेल, 'दखलपात्र' आणि 'अदखलपात्र' यांत अडखळायला होत नसेल, तर खुशाल मराठी घ्या. मात्र मग बेअर अ‍ॅक्टही (कायद्याचा नुसता मूळ मजकूर असलेली पुस्तकं) द्विभाषी आवृत्तीचे घ्या. प्रश्न मराठीत आणि पुस्तक नुसतं इंग्रजीत असेल, तर प्रत्येक वेळी मनातल्या मनात भाषांतर करावं लागतं आणि त्यात वेळ जातो.

पास व्हायला काय लागतं, ते आधी मोजा

शंभर प्रश्न, प्रत्येकाला एक मार्क, चार पर्याय, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. डिसेंबर २०२३ च्या परीक्षेपासून सर्वसाधारण आणि ओबीसी उमेदवारांना ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के लागतात.

विषय एकोणीस. ही यादी बघूनच मुलं घाबरतात, कारण सगळ्या विषयांना सारखंच वजन आहे असं वाटतं. तसं नाही. संविधान १०, दिवाणी प्रक्रिया संहिता १०, फौजदारी प्रक्रिया १०, दंड कायदा ८, पुरावा ८: या पाच विषयांचेच ४६ प्रश्न होतात. त्यात कौटुंबिक कायद्याचे ८ आणि करार, विशिष्ट दिलासा, मालमत्ता, परक्राम्य संलेख (धनादेश वगैरे) या गटाचे ८ धरले की सात विषयांत ६२ प्रश्न. दुसऱ्या टोकाला कंपनी कायदा, पर्यावरण, सायबर, भूसंपादन, बौद्धिक संपदा यांना प्रत्येकी फक्त २. सायबर कायद्यावर आठवडा घालवून दिवाणी प्रक्रिया संहिता शेवटच्या चार दिवसांवर ढकलणारे मी पाहिले आहेत. तुमचा सत्तर टक्के वेळ या सात विषयांना द्या.

अनुक्रमणिका पाठ करा

अलीकडच्या परीक्षांत टिपणं नसलेले बेअर अ‍ॅक्ट आत नेता येतात. यावरून "मग अभ्यास कशाला, आत उघडून बघू" असा समज होतो आणि तोच घात करतो. वेळ ३ तास, म्हणजे १८० मिनिटं. एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांच्या आसपास मिळतात. अनोळखी पुस्तकात कलम शोधायला तीन-चार मिनिटं लागतात. असे पंचवीस प्रश्न शोधलेत की निम्मा वेळ संपला.

म्हणून कलमं पाठ करण्यापेक्षा कायद्याची मांडणी पाठ करा. दिवाणी प्रक्रिया संहितेचे दोन भाग आहेत: पुढे १५८ कलमं, मागे पहिल्या अनुसूचीत ५१ ऑर्डर. प्रश्न वाचताच 'हे कलमात की ऑर्डरमध्ये' हे समजलं तर निम्मं काम झालं.

कोर्टात जात असाल तर हे तुम्हाला अर्धं येतंच. तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाला आपण निशाणी ५ म्हणतो, तो ऑर्डर ३९ रूल १ व २ खाली असतो. प्रतिवादीची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ऑर्डर ८ मध्ये, ३० दिवसांत, आणि कोर्टाने कारण नोंदवून मुदत वाढवली तर ९० दिवसांपर्यंत. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा तर ऑर्डर ९ रूल १३. वादपत्र फेटाळायचं तर ऑर्डर ७ रूल ११. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावली की ऑर्डर २१. सिनिअरच्या टेबलावरची एखादी जुनी फाईल मागून घ्या आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत प्रत्येक अर्जावर पेन्सिलने लिहा, हा कुठल्या तरतुदीखाली आहे. (फाईलवर नको, वेगळ्या कागदावर.) दोन फाईली अशा वाचल्या की गाईड वाचून बसत नाही ते डोक्यात बसतं.

दुसरा सराव जोडीने करायचा. एकाने प्रश्न वाचायचा, दुसऱ्याने बेअर अ‍ॅक्टमधलं पान काढायचं, घड्याळ लावून. एका मिनिटात पान निघालं पाहिजे. रोज दहा प्रश्न. पंधरा दिवसांत हाताला सवय होते.

आणि पुस्तक कोरं ठेवा. आमच्याकडच्या एका मुलीने वर्षभर वापरलेला बेअर अ‍ॅक्ट नेला होता. समासात पेन्सिलने बारीक टिपणं होती, तिच्या ती लक्षातही नव्हती. पर्यवेक्षकांनी पुस्तक बाजूला ठेवून घेतलं आणि ती तीन तास साक्ष्य अधिनियमाशिवाय बसली. अभ्यासाची प्रत वेगळी, परीक्षेची वेगळी. दुसऱ्या प्रतीवर पेन टेकवायचा नाही, चिकटपट्ट्याही लावायच्या नाहीत.

जुने आकडे विसरायची तयारी

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. कॉलेजात जुने कायदे शिकलेल्यांची खरी अडचण अशी की, जुने आकडे नव्या कायद्यात दुसराच अर्थ घेऊन बसले आहेत.

४८२ चं उदाहरण घ्या. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, गुन्हा रद्द करण्यासाठी जिथे जायचं ते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार ५२८ वर गेले. तसंच ३०२. आपल्या बोलीत 'तीनशे दोन' म्हणजे खून. न्याय संहितेत खुनाची शिक्षा १०३ मध्ये आहे आणि ३०२ मध्ये धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारण्याचा गुन्हा. फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). प्रथम खबर (एफआयआर) १५४ वरून १७३ वर, पोटगीचं १२५ हे १४४ वर, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५ब हे ६३ वर. घाईत जुना आकडा बघून उत्तरपत्रिकेतला गोल काळा केला की मार्क गेला.

यासाठी एक पानाचा तक्ता स्वतःच्या हाताने करा, तीस-पस्तीस कलमांचा, जुनं डावीकडे, नवं उजवीकडे. छापील तक्त्यांत सगळी कलमं असतात, म्हणून ते कुणी वाचत नाही. तुमच्या तक्त्यात कोर्टात रोज तोंडात येणारीच कलमं हवीत.

हीच काळजी बाकी पुस्तकांचीही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा हवा, भूसंपादन २०१३ चा. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून. मोठ्या भावाची किंवा सिनिअरची जुनी पुस्तकं प्रेमाने मिळतात. ती घेण्याआधी आवृत्तीचं साल बघा आणि सूचनापत्रातल्या अभ्यासक्रमाशी ताडून घ्या.

जे पुस्तकात सापडणार नाही

बेअर अ‍ॅक्टमध्ये न्यायनिवाडे नसतात. म्हणून जनहित याचिका (४ प्रश्न), प्रशासकीय कायदा (३) आणि अपकृत्याचा (टॉर्ट) बराचसा भाग आत बसून शोधता येत नाही. तो घरूनच डोक्यात न्यावा लागतो. वाचायचं फार नाही. केशवानंद भारती (१९७३), मनेका गांधी (१९७८), हुसैनारा खातून (१९७९), विशाखा (१९९७), पुट्टस्वामी (२०१७) असे पंचवीस-तीस निवाडे घ्या. प्रत्येकाला एकच ओळ: वाद काय होता आणि कोर्टाने काय ठरवलं.

व्यावसायिक आचारनीतीचे ४ प्रश्न सोडू नका. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ चं कलम ३५ गैरवर्तनाचं, ३७ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, ३८ खाली सर्वोच्च न्यायालयाकडे. निकालावर फी ठरवायला मनाई आहे, जाहिरातीला मनाई आहे. मुंबईतल्या फौजदारी कोर्टाच्या दारात पक्षकारांना गाठून आपल्याकडे ओढणाऱ्या वकिलांवरून १९७५ चा दाभोळकर निवाडा झाला, तो आवर्जून वाचा. हा विषय परीक्षेपुरता नाही, उद्या तुम्हीही त्याच दारात उभे असणार आहात.

परक्राम्य संलेख कायद्यातल्या, धनादेश न वटण्याच्या कलम १३८ च्या मुदती मात्र तोंडपाठच हव्यात: न वटल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, नंतर १ महिन्यात फिर्याद.

रोजचा वेळ

दिवसभर कोर्ट करणाऱ्याला रात्री अभ्यास होत नाही. संध्याकाळी ऑफिसात पक्षकार असतात. सकाळी दीड तास, दोन महिने. पहिले पाच आठवडे सात मोठे विषय, पुढचे दोन आठवडे बाकीचे, आणि शेवटी फक्त मागच्या प्रश्नपत्रिका, तीन तास एका जागी बसून, शेजारी परीक्षेचीच पुस्तकं ठेवून.

परीक्षेचा रविवार

गेल्या काही परीक्षा रविवारी झाल्या आहेत. केंद्र लांबच्या शहरात आलं, तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. प्रवेशपत्र, ओळखपत्र, दोन बॉलपेन आणि पुस्तकं. सगळं कपाट नेऊ नका. बाकावर मावतील एवढेच दहा-बारा बेअर अ‍ॅक्ट, वेगवेगळ्या रंगाचं कव्हर घालून आणि पाठीवर मोठ्या अक्षरात नाव दिसेल असे लावून.

पेपर तीन फेऱ्यांत सोडवा. पहिल्या फेरीत पुस्तक न उघडता सुटणारे सगळे प्रश्न, साधारण सव्वा तासात. दुसऱ्या फेरीत शोधायचे प्रश्न, पण कायद्यागणिक एकत्र: संविधान उघडलंत की त्याचे सगळे प्रश्न संपवूनच ते मिटा. तिसऱ्या फेरीत उरलेल्यांना अंदाजाने उत्तर द्या, कारण चुकीला दंड नाही आणि कोरा गोल म्हणजे हातचा मार्क सोडणं. संच क्रमांकाचा गोल सगळ्यात आधी भरा. उत्तरं शेवटी एकदम उतरवू नका. प्रश्नपत्रिकेचं एक पान झालं की तेवढे गोल भरा आणि प्रश्न क्रमांक जुळतो का ते बघा.

निकालानंतर प्रॅक्टिस करण्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्याच्या चार प्रती काढून एक सनदेसोबत ठेवा. नापास झालात तरी प्रयत्नांना मर्यादा नाही. दोन वर्षांची मुदत मोजा, कोरे बेअर अ‍ॅक्ट कोरेच ठेवा आणि पुढच्या सूचनापत्राची तारीख डायरीत लिहून ठेवा, पक्षकाराची तारीख लिहिता तशी.