अँटिफंगल जेलचं प्रोजेक्ट घेताय? रिलीज अडकला तर आधी रिसेप्टर (जेलखालचं द्रावण) बघा

कार्बोपोल 940 (जेल बनवणारा पॉलिमर) एक टक्का, प्रोपिलीन ग्लायकॉल 10 टक्के, पीएच वाढवायला ट्रायइथेनॉलअमाइन लागेल तेवढं. सीनियरच्या थिसिसमधून हा फॉर्म्युला उतरवला की जेल होतंच, त्यात कौतुक काही नाही. औषध त्यातून बाहेर पडतं का, खरी परीक्षा तिथे.

कार्बोपोल ढवळत्या डिस्टिल्ड पाण्यात भुरभुरवा आणि रात्रभर भिजू द्या. एकदम ओतलं तर आतून कोरड्या गुठळ्या राहतात. उन्हाळ्यात डिस्टिलेशन बंद पडलं म्हणून बोअरचं पाणी घेऊ नका. आपल्याकडचं बोअर म्हणजे क्षारच क्षार. कॅल्शियमने जेल पातळ पडतं. औषध, म्हणजे इथे केटोकोनॅझोल, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि थोड्या इथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवूनच मिसळा. ट्रायइथेनॉलअमाइन थेंबाथेंबाने, पीएच 6 ते 6.5. पीएच चढला की हे औषध स्फटिक होऊन बाहेर येतं, तेही लगेच नाही. दुसऱ्या दिवशी काचपट्टीवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघा.

आता फ्रांझ सेल, म्हणजे रिलीज मोजायचं काचेचं उपकरण: वर जेल, मध्ये पडदा, खाली द्रावण. इथेच भलेभले फसतात, म्हणून हिशेब करूनच सांगतो. सेलमध्ये एक टक्क्याचं 1 ग्रॅम जेल ठेवलं, म्हणजे औषध 10 मिग्रॅ. खाली 7.4 पीएचचं 20 मिली बफर, हाच रिसेप्टर. समजा त्या बफरमध्ये औषध मिलीलीटरला 10 मायक्रोग्रॅमच विरघळतं. मग 20 मिलीत मावणार 0.2 मिग्रॅ, म्हणजे दोन टक्के! आलेख तिथेच सपाट होतो. आपण जेलला दोष देतो, कार्बोपोल कमी करतो, नवीन बॅच लावतो, आलेख पुन्हा सपाटच. जेल बिचारं ठीक असतं, खाली जागाच नसते. त्यामुळे आधी त्याच माध्यमात, 32 अंशांवर, औषधाची विद्राव्यता काढा. सगळं औषध उतरलं तर जी तीव्रता होईल, तिच्या निदान तिप्पट विद्राव्यता हवी. दहापट असेल तर झोप लागेल. जेल 200 मिग्रॅच घ्या, बफरमध्ये 20-30 टक्के इथेनॉल किंवा थोडं पॉलिसॉर्बेट 80 घाला. इथेनॉल वर झिरपून जेलही सैल करतं, तेव्हा बाजारातल्या उत्पादनाशी तुलनाही त्याच माध्यमात करा. पडद्याखाली बुडबुडा अडकला असेल तर ते वाचन सोडून द्या.

विद्राव्यता न काढता थेट फॅक्टोरियल डिझाइनचं (घटकांची प्रमाणं एकत्र बदलून प्रयोग आखायचं) सॉफ्टवेअर उघडायला सांगणारे गाइड मला पटत नाहीत. चुकीच्या आकड्यांचे रंगीत आलेख तेवढे मिळतात. सुरुवातीचे रिलीजचे आकडे वाईट आले तर खचू नका, बऱ्याचदा ते माध्यम बदलल्यावर सुधारतात.

कॅन्डिडा बुरशीवर कप-प्लेट चाचणी (बुरशी वाढवलेल्या प्लेटमधल्या खळग्यांत जेल भरून भोवती बुरशी न वाढलेलं वर्तुळ, म्हणजे झोन, मोजायची) लावताना औषधाविना बनवलेलं जेलही शेजारच्या कपात भरा. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि पॅराबेनसारखे प्रिझर्व्हेटिव्ह स्वतःही बुरशी रोखू शकतात, तो झोन औषधाच्या नावावर लिहू नका.