जुन्या छोट्या ट्रॅक्टरला वजन लावताय? आधी या चुका टाळा

चोपड्याकडच्या आमच्या काळ्या रानात ट्रॅक्टरचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं की सल्ला ठरलेला असतो: "वजन टाक भो." मीही टाकलं. साडेअठरा एचपीचा जुना मित्सुबिशी शक्ती घेतला होता, केळीच्या दोन ओळींतून निघतो म्हणून. मागच्या चाकांना बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वजनं कसली, रोटाव्हेटर जोडला आणि बांध चढायला लागलो, तर पुढची दोन्ही चाकं हातभर वर. क्लच दाबला म्हणून वाचलो. शेजारचे नाना पळत आले, "काय व्हयनं भो?"

व्हयनं असं, की वजन होतं पण जागा चुकली होती. ट्रॅक्टर पुढून उचलतो तो मागच्या आसाभोवती. मागच्या चाकाला लावलेलं वजन त्याच आसावर बसतं, त्यामुळे तिथे क्विंटलभर लावलं तरी पुढचं तोंड खाली दाबलं जात नाही. रोटाव्हेटरसारखं जड अवजार मागे लटकणार असेल तर वजन पुढच्या बंपरला हवं. अवजार वर उचलून धरलेलं असताना एकूण भाराचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहायला हवा. अंदाज नको. कापूस घालायला जिनिंगवर जाताच, तर तिथल्या वजनकाट्यावर एकदा पूर्ण ट्रॅक्टर आणि एकदा फक्त पुढची चाकं चढवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

वजनाआधी टायर बघा

चाक फिरतं याचं कारण दर वेळी हलकेपणा नसतो. नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर वजनाने काही होत नाही. पंक्चरवाला ट्रॉलीच्या हिशोबाने टायर टणक भरून देतो आणि तेच टायर घेऊन आपण रानात उतरतो. मग टायर जमिनीला नीट टेकतच नाही. ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेली हवा ठेवा आणि ती सकाळी गार टायरवर मोजा. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी मोजलेली हवा खोटीच निघते.

आणि वाफसा (मशागतीजोगी ओल) नसताना घाई करू नका. ओल्या काळ्या जमिनीत जड चाक घातलं की खाली मातीची ढेप बसते, मग केळीची मुळं तिथेच अडतात. हे मला पुढच्या वर्षी त्या ओळी बघून कळलं.

किती वजन, हे चाकालाच विचारा

मागच्या टायरवर चुन्याची खूण करा. अवजार जमिनीत घालून रोजच्या गिअरमध्ये चाकाचे बरोबर दहा फेरे होऊ द्या, सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे काडी रोवा. मग अवजार उचलून तेवढंच अंतर ट्रॅक्टर परत चालवा आणि फेरे मोजा. साडेआठ ते नऊ फेरे भरले तर घसरण 10 ते 15 टक्के, म्हणजे टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ठीक. आठच भरले तर थोडं वजन वाढवा. साडेनऊच्या वर भरले तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे, आणि तो भार डिझेलवर, बेअरिंगवर आणि जुन्या गिअरवर जातो. वजन दोन्ही चाकांना सारखंच लावा.

पाणी भरताना

सगळ्यात स्वस्त वजन म्हणजे ट्यूबमध्ये पाणी: एक लिटर, एक किलो. चाक जॅकवर घ्या (काळ्या मातीत जॅकखाली फळी हवीच), व्हॉल्व्ह सगळ्यात वर आणा आणि तिथपर्यंतच पाणी भरा. साधारण पाऊण टायर भरतो, वरची जागा हवेला. काठोकाठ भरलंत तर टायर दगड होतो आणि प्रत्येक दणका आसाला बसतो.

इंटरनेटवर पाण्यात कॅल्शियम क्लोराइड घालायला सांगतात. अमेरिकेत जुन्या गार्डन ट्रॅक्टरचे शौकीन आहेत, साठच्या दशकातल्या कब कॅडेटसारखी यंत्रं ते अजून जपतात. तिकडे हिवाळ्यात टायरमधलं पाणी गोठतं आणि या मिठाने वजनही थोडं वाढतं, म्हणून तो उपाय. खानदेशात त्याची गरजच नाही, आणि ट्यूब कुठे झिरपली तर ते पाणी रिम खाऊन टाकतं. घरातलं मीठही तसंच, घालू नका.

नट-बोल्ट

लोक सगळ्यात जास्त इथे चुकतात. दुसरं वजन चढवलं पण बोल्ट जुनाच आखूड ठेवला, की नट दोन आट्यांवर लटकतो. वजन आणि चाकाची डिस्क यांच्यामध्ये गंज किंवा रंगाचा जाड थर राहिला तर तो दबतो आणि पकड सुटते. बसायची जागा तारेच्या ब्रशने उघडी करा, चांगल्या ग्रेडचा बोल्ट आणि जाड वायसर घ्या, तासभर चालवून पुन्हा कसा. मग नटावरून वजनावर ऑइलपेंटची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय.

गंजून बसलेलं वजन काढताना रात्रभर डिझेल सोडा, लाकडी ठोकळा मध्ये धरून ठोका. बीड ठिसूळ असतं, थेट घणाने तडकतं. भोक मोठं झालं म्हणून टायर चढलेल्या रिमवर वेल्डिंग मात्र कधीही करू देऊ नका. हवा सोडलेली असली तरी आतला वायू तापून टायर फुटतो, माणूस जातो. टायर पूर्ण उतरवूनच काम.

सिमेंटची घरगुती वजनं चालतात, पण ती आकाराने मोठी होतात. 36 सेंटिमीटर व्यासाची, 8 सेंटिमीटर जाड चकती सिमेंटची केली तर वीसेक किलो. तेवढीच बिडाची साठच्या आसपास. आतून सळई आणि बाहेरून लोखंडी कडं नसेल तर चिरते. शिवाय ती चाकाच्या बाहेर येते. माझा बोल्ट चार बोटं बाहेर होता, त्याने एका सकाळी ठिबकची नळी गुंडाळून नेली आणि तीन खोडं सोलली. तेव्हापासून केळीत फक्त पाणी, बाहेरची वजनं मोकळ्या रानातल्या नांगरटीपुरती.

आणि ती नांगरट संपली की उतरवा. एकेक वजन पंचवीस-तीस किलोचं असतं, चपलेवर काढायला बसू नका. खाली जुनं टायर ठेवा, वरचा बोल्ट शेवटी सोडा आणि दुसऱ्या माणसाला हात लावायला सांगा.